नवाबाच्या पाठीवरचा तांबडा पट्टा

मित्रांनो, मला वय विचारू नका. कॅमेऱ्यांच्या जातीत मी कधीचाच म्हातारा झालो. माझे कोपरे घासलेत, अंगावरचं चामडं एका बाजूने सुटलंय. दिसायला मुठीएवढा असलो, तरी माझ्या पोटात जुन्या काळातल्या कितीतरी फिल्मचे रंग आहेत बरं!

चार हात फिरून मी गंगाखेडच्या ऋतिकाकडे आलो आणि माझं नशीब उघडलं. आधीच्या मालकांनी मला ऑटोवर टाकून नुसतं खटाखट दाबलं होतं. या गुणी पोरीने मात्र माझ्यातलं फिल्म सिम्युलेशन शोधून काढलं. म्हणजे फोटो काढण्याआधीच ठरवायचं, की याचे रंग कोणत्या जुन्या फिल्मसारखे उतरावेत. एक सेटिंग लावलं की उसाचा फड गच्च हिरवा दिसे, दुसरं लावलं की तोच फड शांत, जरासा विटलेला. ऋतिका कधी सावल्या मऊ करी, कधी वर जुन्या फिल्मसारखे बारीक दाणे पेरी. काय तिची नजर, वा!

तिचे वडील राधाकिशन रोलच्या जमान्यातले फोटोग्राफर. आधी मला ते खेळणं म्हणत. एकदा माझ्या पडद्यावर डोकावले आणि उडालेच. "आगं, हा तर माज्या लग्नाच्या आल्बमचा रंग हाय! कुठून आणलास?" त्यांचे डोळे भरून आले. मी तर फुगून गेलो!

त्यांची एकच ताकीद असे, "फोटो कसाबी काढ, पण निगेटिव्ह टाकू नगं." माझी निगेटिव्ह म्हणजे रॉ, रंगरंगोटी न केलेली मूळ प्रत. ती ठेवली की कार्ड भरभर भरतं. ऋतिका कुरकुरायची, पण वडिलांचा शब्द मोडत नसे.

गंगेच्या काठी कासाबाईची मेंढरं बसत. गोदावरीला इकडे गंगाच म्हणतात. तिच्या कळपात नवाब नावाचा एडका, म्हणजे मेंढा होता. त्याची आई गेल्यावर कासाबाईने शेळीचं दूध पाजून त्याला वाढवला होता. ओळख पटावी म्हणून त्याच्या पाठीवर तिने तांबड्या गेरूचा पट्टा ओढला होता. ऋतिकाने त्या दोघांचा फोटो काढला, तो काळ्या-पांढऱ्या सेटिंगमध्ये, लाल फिल्टर लावून. त्याने आभाळ कसं काळंभोर उतरलं! ती त्या फोटोवर लट्टू झाली.

पुढे लोकर कातरली गेली आणि लोकरीबरोबर पट्टाही गेला. तेवढ्यात पाण्यावर कासाबाईचा आणि लिंबाजी नावाच्या मेंढपाळाचा कळप एकमेकांत मिसळला. दोघांचे एडके दिसायला सारखेच. एक कुठेतरी भरकटला, एक उरला. उरलेला कुणाचा? कासाबाईने हाक मारली की तो तिच्याकडे येई, लिंबाजीने दाणे दाखवले की त्याच्याकडे पळे. पोटभरू कुठला! लिंबाजी काही लबाड नव्हता. त्यालाही तो आपलाच वाटत होता.

जाणती माणसं निवाड्याला बसली. कासाबाई धावत ऋतिकाकडे आली. "पोरी, माजा नवाब तुज्या फोटूत हाय. चल, दाव समद्यांला."

ऋतिकाने माझा पडदा पुढे केला. लिंबाजीने वाकून पाहिलं. शिंगावरची बारीक चीर जुळत होती, फोटोतला आणि समोरचा एडका एकच होता. "कासाबाई, पाठ तर कोरी हाय. आमीच एडक्याला रंग लावत न्हाई. हा माजा एडका, चरता चरता तुज्यापशी आला आसंल."

कासाबाई कळवळली. "आगं माय! ह्या हातानं गेरू लावला व्हता गं मी!"

ऋतिकाने जीभ चावली. "मावशी, थांबा. चूक माजी हाय. लाल फिल्टरनं तांबडा रंग फिक्का पडतो, पांढऱ्या लोकरीत दिसतच न्हाई." तिने त्या फोटोची मूळ प्रत काढली आणि सेटिंग रंगीत केलं. नवाबाच्या पाठीवर तांबडा पट्टा उमटला.

"आता रंग तूच भरायलीस की!" लिंबाजी म्हणाला.

"मामा, तुमीच बदलून बघा." ऋतिकाने मला सरळ त्याच्या हातात दिलं.

लिंबाजी एकेक रंगीत सेटिंग लावत गेला. पट्टा कधी भडक झाला, कधी विटकरी, कधी उडालेला. पण गेला नाही. आणि एडक्यामागचं कासाबाईचं लुगडं हिरवंच राहिलं, वाळू वाळूच राहिली. लिंबाजीने एडक्याची दोरी कासाबाईच्या हातात दिली. "घे बाई. तुजाच हाय."

मला परत देताना तो हळूच म्हणाला, "पोरी, यात माजा एडका कुठं चुकून आला आसंल का गं?"

ऋतिकाने सगळे फोटो पाहिले. तो कुठेच नव्हता.

कासाबाईने डोळे पुसले. "चल लिंबाजी, तुजा हुडकायला मीबी येते."

मित्रांनो, माझ्यासारख्याला कपाटात कोंडून ठेवू नका. हौसेने हवे ते रंग चढवा, पण मूळ प्रत पुसू नका. आणि ज्यांच्यावर तुमचा जीव आहे, त्यांचा एक तरी फोटो आजच काढून ठेवा. लिंबाजीला दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं, याचं मला अजून वाईट वाटतं.