तिसरी डबी

चांगदेवने डबी कानाशी नेऊन हलवली. डबी खुळखुळली. पालिकेच्या दवाखान्यातल्या सात वर्षांच्या नोकरीत त्याने बेडक्यांचे नाना प्रकार पाहिले होते. खुळखुळणारा बेडका पहिलाच.

"गुणामावशी, यात काय हाय?"

"साखर."

"मी सकाळचा बेडका मागितलेला."

"पहाटपासून खोकतेय रं. पडलाच न्हाय. मग दुसऱ्याचं भांडं रिकामं कसं परत देऊ? रीत हाय का ती?"

चांगदेव उंबऱ्यावर मटकन बसला. टेमघरच्या या चाळीने त्याला डबीतून गुळण्यांचं पाणी दिलं होतं, पानाची पिंक दिली होती. पलीकडच्या महमूदने तर शिफ्ट चुकू नये म्हणून भावाचा बेडका देऊन टाकला होता. भाऊ ठणठणीत निघाला.

पण गुणाबाईच्या आधीच्या दोन्ही डब्यांत नुसती थुंकी निघाली होती. तिसरीत धड काही आलं तरच टीबीची तपासणी, आणि तपासणीशिवाय गोळ्या नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पॉवरलूमवर सुताच्या कांड्या भरणारी ही बाई चार महिन्यांत स्वतःच कांडीएवढी उरली होती.

चांगदेवने पिशवीतून नवी डबी काढली. "बघा. मोठा श्वास घ्यायचा. धरायचा. मग बेंबीपासनं... खॉक्!"

खोकला इतका सरस निघाला, की शेजारची बिल्किस पाण्याचा तांब्या घेऊन धावली. "या अल्ला, दवाखानेवाल्यालाच झाला!"

खरा प्रकार कळल्यावर तिनेही खोकून दाखवलं. महमूद बनियनवर बाहेर आला. "ऐसे नहीं चाची, पेट से! जोर से!" बघता बघता सगळी चाळ दारात उभी राहून खोकू लागली. निरोगी माणसं, एकाहून एक सुरेख खोकत होती.

गुणाबाईला हसू फुटलं. हसता हसता ठसका लागला, ठसक्याने उबळ आली आणि ती भिंतीला धरून वाकली. डबी भरली.

आतलं लालभडक होतं.

महमूदला ड्युटी आठवली. बिल्किसने तांब्या तिथेच ठेवला, पोराला उचललं. एकेक दार लागत गेलं.

गुणाबाईने झाकण लावलं, पदराने डबी बाहेरून पुसली आणि दोन्ही हातांनी पुढे केली.

"पुरंल ना एवढं?"

"पुरंल, मावशी."

तो डबीवर नाव लिहीत असताना तिला पुन्हा उबळ आली. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि सगळी उबळ आतल्या आत, जराही आवाज न करता, खोकून घेतली.