चेअरमनचं टक्कल

मानसीने पिंजरा सोसायटीच्या ऑफिसातल्या टेबलावर, थेट मार्तंडच्या चहाशेजारी ठेवला. चहाच्या कपात एक बारीकसं पीस उडून पडलं. मार्तंडने आधी कपाकडे पाहिलं, मग पिंजऱ्याकडे.

आत पांढरा-पिवळा कॉकाटील जातीचा छोटा पोपट होता. गालांवर शेंदरी टिकल्या, डोक्यावर ऐटबाज तुरा, आणि तुऱ्याच्या मागे आठाण्याच्या नाण्याएवढं गुळगुळीत टक्कल.

"हे काय आणलंस?"

"चेअरमन," मानसी म्हणाली. "सेक्रेटरी तू आहेस ना, म्हणून याला वरची पोस्ट दिली."

पाण्याची तक्रार घेऊन आलेली चारपाच माणसं तक्रार विसरून हसायला लागली. मार्तंडने मिशीचं टोक पिळलं. जोगेश्वरी पूर्वेत चाळ होती तेव्हापासून ती मिशी तिथेच होती. चाळ पडली, त्या जागी टॉवर उभा राहिला, मिशीला धक्का लागला नाही. आता ती दर पंधरवड्याला काळी होत होती, एवढंच.

दुकानदाराने तुला चुना लावला, असं तो म्हणाला. पक्षी रोगट आहे, एवढे झकास पक्षी सोडून टकला कोणी उचलतं का. मानसी म्हणाली, नीट खायला घातलं की पिसं येतील. मार्तंड म्हणाला, आली तर नाव बदलीन.

"नाव ठेव तुझ्याकडे. मिशी पणाला लाव," मानसी म्हणाली. "गणपतीच्या आधीच्या मीटिंगपर्यंत याचं टक्कल भरलं तर तू मिशी काढायचीस. कंपाउंडमध्ये, सगळ्यांसमोर."

"आणि नाही भरलं तर?"

"मी गोटा करीन. त्याच खुर्चीत."

हसणं जरा थांबलं. मानसी पन्नाशीला टेकली तरी तिचा शेपटा कमरेखाली येत होता. लहानपणी मार्तंडने तो एकदा खिडकीच्या गजाला बांधला होता, आणि तिने सुटल्यावर त्याच्या चपला विहिरीत टाकल्या होत्या.

"वेडी आहेस काय गं?"

"टाळी दे."

त्याने टाळी दिली, पण अट घातली. गेल्या वर्षी हिने वर्सोव्याचा सुका बोंबील त्याच्या खुर्चीखाली चिकटवला होता, आणि त्याने वास शोधायला प्लंबर बोलावून अर्धी गटार उपसली होती. त्यामुळे तो रोज सकाळी येऊन टक्कल तपासणार. ही बाई डिंकाने पिसं चिकटवायलाही कमी करणार नाही.

"ये की," मानसी म्हणाली. तिला तेच हवं होतं.

वर घरी तिची भाची रेवती दार उघडून उभी होती. आत्याच्या हातात पिंजरा बघून तिने कपाळाला हात लावला. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं, तिने विचारलं. शुक्रवारी पहिली केमो. पक्ष्याची घाण, पिसांची धूळ, कशालाही हात लावायचा नाही.

"मी कुठे लावतेय? मार्तंड लावणार आहे."

हॉस्पिटलातल्या नर्सने धीर द्यायला म्हटलं होतं की केस परत येतात. मानसीने फक्त विचारलं होतं, जातात कधी? दोन-तीन आठवड्यांत, नर्स म्हणाली. ते ऐकून मग तिने सोसायटीच्या मीटिंगची तारीख बघितली होती.

आजाराची तिला भीती होतीच, नाही असं नाही. पण दुसऱ्या मजल्यावरच्या जयाचं काय झालं ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. जयाचं ऑपरेशन झालं आणि अख्खी बिल्डिंग तिच्याशी हळू आवाजात बोलायला लागली. तिच्या दाराची बेल वाजवायची नाही अशी पोरांना ताकीद. स्टीलच्या डब्यांतून पेज यायची, डबा देणारी बाई उंबऱ्यातूनच 'अगं बाई' म्हणून परत फिरायची. तिच्याशी भांडायचंही लोकांनी बंद केलं. जया बरी झाली आणि लेकीकडे बदलापूरला निघून गेली. जाताना मानसीला म्हणाली, जिवंतपणी माझ्या फोटोला हार घातला गं यांनी.

मानसीला हार नको होता. डोकं भादरायचंच असेल तर लोकांनी हसत बघावं, शिट्ट्या माराव्यात. म्हणून ती स्टेशनजवळच्या दुकानात गेली होती. दुकानदार सरळ माणूस होता, त्याने आधीच सांगितलं की ताई, दुसरा घ्या, या रंगाच्या पक्ष्याला तुऱ्यामागे जन्मतःच टक्कल असतं, ते कधी भरत नाही.

"मग हाच द्या," ती म्हणाली होती.

मार्तंड रोज यायला लागला. पहिल्या दिवशी नुसतं टक्कल बघून निघाला, तेव्हा मानसीने खोलीच्या पलीकडच्या टोकाला बसून मास्कमधून सुनावलं, की तपासणी करतोस तर ट्रे पण काढ, मला धुळीची ॲलर्जी आहे. पुरावा नष्ट केला म्हणून नंतर बोंबलायचं नाही. मार्तंडने नाक मुरडून ट्रे काढला. दुसऱ्या दिवशी पाणी बदललं. मग कधीतरी राळ्याची पिशवी स्वतःच घेऊन आला आणि सूर्यफुलाच्या बिया जास्त घालता म्हणून रेवतीला झापलं. चेअरमन लठ्ठ होईल म्हणे. कोथिंबीर तो धुऊन, पुसून द्यायचा. पिंजऱ्याचं दार उघडण्याआधी वर पंखा बंद आहे ना, ते दोनदा बघायचा.

चेअरमन त्याचं बोट कडकडून चावायचा, आणि मग त्याच बोटावर बसून मान खाली घालायचा, खाजव म्हणून. मार्तंड टकलावर हलक्या हाताने बोट फिरवायचा.

"काही नाही आलं," तो दर सकाळी विजयाने सांगायचा.

"येईल," मानसी म्हणायची. तिने डोक्याला स्कार्फ बांधायला सुरुवात केली होती. आतून ओकारीचा आवाज आला तर रेवती मिक्सर लावायची. बारीक झालीस, असं मार्तंड एकदा म्हणाला, तर डाएटवर आहे, तूही कर, पोट बघ, असं उत्तर आलं.

मीटिंगच्या आदल्या दिवशी तो आला आणि ट्रेला हात न लावता खुर्चीत बसला.

"पैज रद्द," तो म्हणाला. "दुकानात गेलो होतो. म्हटलं काही औषध असेल तर द्यावं बिचाऱ्याला."

मानसीने स्कार्फची गाठ घट्ट केली.

"दुकानदार म्हणाला, हे कधीच भरत नाही. आणि घेणाऱ्या बाईंना आधीच सांगितलं होतं." मार्तंडने मिशीला हात लावला आणि काढून घेतला. "तू ठरवून हरतेयस. कशाला? कसला गेम आहे तुझा?"

"घाबरलास?"

"जिंकतोय तर घाबरू कशाला? फसवून मिळालेली पैज मला नको. उद्या सगळ्यांना सांगतो."

तेवढ्यात चेअरमन पिंजऱ्यात एका पायावर फडफडला. मार्तंड उठला. पक्ष्याला मुठीत धरून त्याने पाय उजेडात नेला. बोटाला लांब काळा केस गुंडाळला गेला होता, घट्ट. तो नखाने सोडवायला लागला. बराच वेळ लागला.

"तिसऱ्यांदा काढतोय हा केस," तो पुटपुटला.

त्याने ट्रेकडे पाहिलं. पिवळ्या पिसांत काळ्या केसांचा पुंजका होता. सोफ्याच्या पाठीवर केस होते, खाली लादीवर होते. मग त्याने मानसीच्या स्कार्फकडे पाहिलं आणि लगेच नजर पक्ष्याकडे वळवली.

"किती दिवस..."

"जयाच्या दाराची बेल आठवते तुला?" मानसी म्हणाली. "कोणी वाजवायचं नाही."

मार्तंडने चेअरमनला काठीवर बसवलं. पिंजऱ्याची कडी लावली, लागली की नाही ते ओढून बघितलं. मग ट्रे काढला, झटकला, नवा पेपर घातला. दाराशी जाऊन पाठमोरा उभा राहिला.

"पैज आहे म्हणतेस?"

"आहे."

"मग उद्या वेळेवर ये. हरलेल्याने वाट बघायला लावायची नाही."

रविवारी कंपाउंडमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या लागल्या. समोरच्या सलूनमधला प्रितम मशीन आणि पांढरं कापड घेऊन आला होता. मानसी शेपटा वर वळवून, क्लिपा लावून, स्कार्फ बांधून खाली उतरली. बायका तिच्याभोवती जमल्या. जाऊ दे गं, मस्करी होती, म्हणाल्या. मार्तंडच्या बायकोने, वसुधाने, सगळ्यांदेखत नवऱ्याची खरडपट्टी काढली. बाईमाणसाच्या केसांवर कसली पैज लावता, लाज नाही वाटत?

"मी हरलो असतो तर माझी मिशी सोडली असती का कोणी?" मार्तंड मोठ्याने म्हणाला. "पैज म्हणजे पैज. बस गं खुर्चीत."

लोकांनी त्याची हुर्यो उडवली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मानसीने बसून दोन्ही हात वर केले, मॅच जिंकल्यासारखे.

प्रितमने मागून स्कार्फ सोडला, क्लिपा काढल्या आणि सवयीने कंगवा घातला. मशीन अजून सुरूही झालं नव्हतं. कंगव्याबरोबर अख्खी बट मुळापासून त्याच्या हातात आली. तो जागच्या जागी थांबला. त्याने वर पाहिलं, तोंड उघडलं.

मार्तंड कधी खुर्ची आणि लोकांच्या मध्ये येऊन उभा राहिला, कोणाला कळलं नाही. त्याच्या रुंद पाठीआड खुर्ची दिसेनाशी झाली. त्याने प्रितमच्या हातातली बट काढून घेतली आणि मूठ खिशात घातली.

"थांबलास काय रे?" तो ओरडला, मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असा. "चालव मशीन. हरलीय ती."

वसुधाने त्याच्याकडे पाठ फिरवली. कोणीतरी 'खडूस' म्हणालं. मशीनची घरघर सुरू झाली.

सगळं उरकल्यावर मानसीने डोक्यावरून हात फिरवला, आणि रेवतीने आणलेला पिंजरा मांडीवर ठेवायला सांगितला. रेवतीने तो शेजारच्या खुर्चीवर, हात पोचणार नाही असा ठेवला. पोरं पुढे घुसली. टकलीकाकू, टकलीकाकू, म्हणत ती तिच्या डोक्याला हात लावायला भांडायला लागली. चेअरमनने तुरा उभा करून शीळ घातली. अख्खं कंपाउंड हसलं, आणि मानसी सगळ्यात मोठ्याने.

"आता चेअरमन दोन झाले," ती म्हणाली. "सेक्रेटरी, मीटिंग चालू कर."

मार्तंडने टेबलामागे उभं राहून एका हाताने कागद उलगडला. वारा कागद उडवत होता, तरी दुसरा हात त्याने मीटिंग संपेपर्यंत खिशातून काढला नाही.