काढ्याचं मडकं परत करत नाहीत

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, माझ्या अंगाला कडू वास येतो. कितीही धुतलं तरी जात नाही. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या. मी काढा उकळायचं म्हातारं मडकं आहे. पोट गोल, एका बाजूला आखूड तोटी, दुसऱ्या बाजूला पोकळ दांडा आणि झाकणाचा एक टवका उडालेला. भात, रस्सा, चहा यांतलं काही माझ्यात कधी शिजलं नाही. जन्मभर मुळ्या, साली, बिया आणि माणसांची दुखणी, एवढंच माझ्या वाट्याला आलं.

डोंगरापलीकडच्या एका भट्टीत मी जन्मलो. रोजचा विस्तव सोसावा म्हणून कुंभारानं माझ्या मातीत वाळू सढळ हातानं घातली. भट्टीतून निघाल्यावर रश्श्याची भांडी आणि लोणच्याच्या बरण्या दुकानात पुढच्या फळीवर जाऊन बसल्या. आम्हाला मागच्या कोपऱ्यात ढकललं. बरोबरच आहे म्हणा. लग्नात आहेर म्हणून काढ्याचं मडकं कोण देतं?

मला नेलं ते फेंगशियाननं. चीनमधल्या गान नदीकाठच्या आमच्या गावात ती नुकतीच सून म्हणून आली होती आणि तिच्या सासऱ्यांना दमा होता. तिचा नवरा हेशंग गल्लीच्या तोंडाशी सायकली दुरुस्त करायचा. त्यानं मला सायकलच्या हँडलला बांधलं आणि खड्ड्याखड्ड्यांतून दणके देत घरी आणलं.

"अहो, हळू! फुटेल ना ते," ती मागे बसून ओरडत होती.

"फुटलं तर बरंच. आजारपणाची कटकटच मिटली," असं म्हणून त्यानं आणखी जोरात पायडल मारलं. हेशंग असाच होता. कशाचीही थट्टा करायचा, स्वतःच्या दुखण्याचीसुद्धा.

आता आमच्याकडची रीत सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. काढ्याचं मडकं सहसा कुणी विकत आणत नाही. विकत आणलं म्हणजे आजाराला आवतण दिलं, असं मानतात. गल्लीत तेव्हा एकही धड मडकं नव्हतं म्हणून फेंगशियाननं हिय्या केला. बाकीचे मागून नेतात. आणि नेलेलं परत करत नाहीत! परत केलं तर आपला आजार दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवल्यासारखं होतं. पुढे ज्याला लागेल त्यानं स्वतः यायचं आणि दांडा धरून उचलून न्यायचं. मालकिणीलासुद्धा तोच नियम.

त्यामुळे मी गल्लीभर फिरलो. सासऱ्यांचा दमा उतरला तशी माझी कीर्ती झाली. 'फेंगशियानच्या मडक्याला गुण आहे' असं बायका म्हणायच्या. कौतुक व्हायचं, पण घरी यावं असं कुणालाच वाटायचं नाही. मी निघालो की घरातली माणसं मोकळा श्वास घ्यायची. ज्याच्या जाण्याचा सगळ्यांना आनंद होतो असं आयुष्य मी काढलं. कधीकधी वाईट वाटायचं. मग वाटायचं, या माणसांचं भलं झालं ना, मग झालं तर.

आणखी एक रीत होती. काढा संपला की उरलेला चोथा तिठ्यावर टाकायचा. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांखाली तो तुडवला गेला की दुखणं वाटेनं निघून जातं म्हणे. कुठे जातं, कुणाबरोबर जातं, हे कुणी विचारत नसे. मीही कधी विचारलं नाही.

फेंगशियानच्या भिंतीला भिंत लागून युएचेन राहायची. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन गल्लीत आलेल्या. मोहरीचा पाला मिठात घालायचा तो एकाच रांजणात, परसातल्या बुटक्या भिंतीवरून वाट्यांची देवाणघेवाण दिवसभर चालायची आणि तोंडाचा पट्टा तर युएचेनचा कधी बंदच नसे. तिचा मुलगा दूर शेंचेन शहरात कारखान्यात लागला आणि महिनोन्‌महिने त्याचा निरोप नाही, तेव्हा ती काळजीनं खंगली. जेवण जाईना, खोकला थांबेना. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या तान वैद्यबुवांनी तिला पुड्या बांधून दिल्या. त्या सुमाराला मी फेंगशियानकडेच होतो. युएचेन आली आणि मला घेऊन गेली.

औषध लागू पडलं. शेवटचा काढा झाला त्या सकाळी बाहेर गार धुकं होतं. युएचेनच्या पायात घरातल्या सपाता. तिठ्यापर्यंत कोण जातंय, असं म्हणून तिनं चोथा दारातच ओतला. तेवढ्यात हेशंग दुकानाकडे निघाला होता. वाफाळता चोथा त्यानं पाहिला आणि मुद्दाम त्यावर पाय आपटत गेला.

"युएचेनवहिनी, तुझा खोकला घेऊन चाललो बरं का!"

"घेऊन जा, घेऊन जा! आणि येताना चार अंडी आण," ती हसत म्हणाली.

त्याच दिवशी दुपारी हेशंग दुकानात चाकाशी बसल्या बसल्या कोसळला. छातीवर हात होता. उचलून आणेपर्यंत सगळं संपलं होतं.

मित्रांनो, मी तेव्हा युएचेनच्या ओट्यावर पालथा घातलेला होतो. बाहेर रडारड ऐकली आणि माझ्या मातीला जणू आतून तडा गेला. तो चोथा माझ्याच पोटातला होता. जन्मभर मी दुखणी उकळून बाहेर टाकत आलो, आणि त्यातलं एक आज आमच्याच माणसाच्या पायाला लागलं. मी नसतो तर? झाकणाचा टवका उडाला तेव्हाच फुटून गेलो असतो तर? असले विचार मनात येऊ लागले ते थांबेनात.

युएचेनची अवस्था माझ्याहून वाईट होती. मला विस्तवावर ठेवायला नको म्हणून तिनं वरच्या फळीवर, पिठाच्या डब्यामागे सारून दिलं. उत्तरक्रियेच्या दिवसांत ती फेंगशियानच्या घरी भात रांधून आली, भांडी घासून आली, पण तिच्या नजरेला नजर देऊ शकली नाही. फेंगशियानही बोलली नाही. ती रडलीसुद्धा नाही. लोक पांगल्यावर ती दार लावून बसली. परसातल्या भिंतीवरून वाट्या जायच्या बंद झाल्या. मिठातला पाला रांजणात तसाच राहिला, त्याला कुणी हात लावेना.

भिंत पातळ होती. अंधार पडला की पलीकडे फेंगशियानच्या येरझाऱ्या सुरू व्हायच्या, त्या उजाडेपर्यंत चालायच्या. युएचेन अंथरुणात उठून बसायची आणि भिंतीला कान लावायची. "माझ्यामुळे," असं ती पुटपुटायची. फळीवर मीही तेच म्हणत होतो.

एकदा तान वैद्यबुवा युएचेनची नाडी बघायला आले आणि नाडी सोडून शेजारणीबद्दलच बोलत बसले.

"तुझं ठीक आहे. मला त्या फेंगशियानची काळजी वाटते. छातीत धडधड, झोप नाही, विचारलं तर म्हणते काही नाही. बाई, राग यकृताला धरतो, काळजी पोटाला, दुःख फुफ्फुसांना. पण शेवटी सगळं हृदयापाशीच येतं. हृदय घरातला कर्ता. मनाची बैठक त्याच्याकडे. कर्त्यालाच झोप नसेल तर घर कसं झोपणार? रडा म्हटलं तर म्हणते, वेळ नाही."

"औषध नाही दिलंत?"

"दिलंय ना. आंबट बोरांच्या बिया, कमळाच्या बिया, लिलीचा कांदा, सगळं बांधून दिलंय. पुड्या तशाच खुंटीला टांगल्यात. उकळलं का नाही विचारलं, तर म्हणते मडकं नाही. आणि मोठ्या दवाखान्यात जाऊन छातीचा आलेख काढून ये म्हटलं, तर तेही नाही. अशानं ही बाई नवऱ्याच्या मागे जाईल."

युएचेननं वर फळीकडे पाहिलं.

मला नेऊन द्यावं तर तिच्या दारात आजार नेऊन ठेवल्यासारखं, आणि एकदा तसं झालं आहे अशी युएचेनची खात्री. फेंगशियाननं यावं तर ती येत नव्हती. शेवटी युएचेननं एक शक्कल काढली. तिनं मला परसातल्या बुटक्या भिंतीवर ठेवलं, अगदी मधोमध. म्हणजे परतही केलं नाही आणि अडवूनही ठेवलं नाही. मग खिडकीआडून बघत बसली. फेंगशियान बाहेर आली, कपडे वाळत घातले, माझ्याकडे पाहिलं. चेहरा पांढरा झाला तिचा. ती तशीच आत गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. शेजारची कोंबडी माझ्या झाकणावर ऐटीत बसू लागली. माझी अशी शोभा आधी कधी झाली नव्हती.

मग शाओ आजी आल्या. गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या, गुडघ्यांनी बेजार, पण जीभ धारदार. त्यांनी कोंबडीला हुसकावलं, माझा दांडा धरला आणि निघाल्या.

"आजी, ठेवा ते!" युएचेन धावत गल्लीत आली.

"का गं? भिंतीवर टाकून दिलंय, कुणाला नको असेल. माझे गुडघे बघ जरा."

"ते फेंगशियानचं आहे. तिला हवंय."

"हवंय तर न्यायला हात झडलेत का तिचे?"

"माझ्यावर राग आहे तिचा!" युएचेननं माझा दांडा ओढला. आजी सोडेनात. मी दोघींच्या मध्ये लोंबकळत होतो. "मी चोथा दारात टाकला, आजी. तिठ्यावर नाही गेले, आळस केला. हेशंगदादा त्यावरून गेले आणि दुपारी... माझं दुखणं त्यांनी नेलं. मी मारलं त्यांना. कसं जाऊ तिच्यासमोर?"

गल्लीतली दारं किलकिली झाली. त्यात फेंगशियानचं दारही होतं. ती उंबऱ्यात उभी होती, चौकटीला धरून.

"काय बोलतेस तू? चोथा?" ती म्हणाली. "मी तुझ्यावर रागावले असं वाटलं तुला?"

युएचेनच्या हातून माझा दांडा सुटला.

"अगं, आमच्या ह्यांच्याही पुड्या होत्या. तान वैद्यांनी छातीसाठी दिलेल्या. हे म्हणाले, जा, युएचेनकडून मडकं आण. मी म्हटलं, तिचे थोडेच काढे राहिलेत, मध्येच कसं मागायचं? तिला वाटेल, बरं वाटायच्या आत मडकं ओढून नेलं. आज आणू, उद्या आणू करत बसले. त्या दिवशी संध्याकाळी आणणार होते मी." तिनं चौकटीवर कपाळ टेकलं. "मी भिडेला पडले गं. एका मडक्यासाठी भिडेला पडले. ते मडकं बघितलं की मला त्यांच्या पुड्या दिसतात. कशी हात लावू त्याला?"

आणि ती उंबऱ्यातच बसली आणि रडू लागली. इतक्या दिवसांचं साठलेलं रडणं होतं ते, मोठ्यानं, कपड्यांची शुद्ध नाही, माणसांची लाज नाही. युएचेन तिला गप्प करायला धावली तर शाओ आजींनी तिचा दंड धरला.

"रडू दे. कुणी गप्प करायचं नाही. तूही रड."

कुणीतरी तान वैद्यबुवांना बोलावून आणलं. ते आले, फेंगशियानसमोर पायरीवर बसले आणि तिचं मनगट हातात घेतलं. नाडी पाहून झाल्यावर बोलले.

"चोथ्यानं माणूस मरत नाही, युएचेन. आणि फेंगशियान, थोड्याशा पुड्यांनी तो वाचलाही नसता. त्याच्या हृदयाच्या वाटा कित्येक वर्षं बुजत आल्या होत्या. मी त्याला मोठ्या दवाखान्यात जा म्हटलं. तो म्हणाला, सायकली पडल्यात, मागाहून बघू. त्यानं थट्टेवारी नेलं आणि मीही हसलो. हाताला धरून न्यायला हवं होतं मी." म्हाताऱ्या वैद्यांची मान खाली गेली.

त्या दिवशी मला कळलं, एका मरणाचा अपराध आम्ही सगळेच आपापल्या घरात दार लावून एकेकटे वाहत होतो. वैद्य, दोघी बायका आणि फळीवरचा मी.

आजींनी मला युएचेनच्या ओट्यावर नेऊन ठेवलं. संध्याकाळी फेंगशियान तिथे आली. डोळे सुजलेले, पण पाऊल घट्ट. तिनं माझा दांडा धरला. दोन्ही हातांनी धरला. "नेते गं," एवढंच म्हणाली. युएचेननं मान हलवली आणि बिया कुटायला खलबत्ता घेऊन तिच्या मागोमाग गेली. शेगडीवर काढा उकळत होता तोवर दोघी जवळ बसून होत्या आणि हेशंगची चेष्टा करत होत्या, तो सायकलवरून मला कसा आणत होता त्याची. मधेच रडायच्या, पुन्हा हसायच्या. त्याच आठवड्यात वैद्यबुवांनी तिला स्वतः बसमध्ये बसवून मोठ्या दवाखान्यात नेलं. हृदय थकलंय, जपावं लागेल, असं तिथले डॉक्टर म्हणाले. तिकडच्या गोळ्याही सुरू झाल्या. येरझाऱ्या हळूहळू थांबल्या.

मित्रांनो, माझा अपराध गेला का? नाही. चोथ्याचा गेला, वैद्यबुवांनी सांगितलं ना. पण हेशंगच्या पुड्या माझ्या पोटात कधी पडल्याच नाहीत, त्याची सल अजून आहे. तो मडकं मागत होता आणि मी एका भिंतीपलीकडेच होतो.

म्हणून एक विनवणी करतो. मला घासूनपुसून ठेवा, वर्षानुवर्षं जपा, असं मी म्हणणार नाही. मातीचं भांडं कधीतरी फुटायचंच. पण तुमच्या शेजारी, तुमच्या घरात कुणी न बोलता, न रडता, न झोपता बसलं असेल, तर ते आपल्यावर रागावलंय असं समजून दूर राहू नका. आणि तुमच्या स्वतःच्या छातीत काही दुखत असेल तर भिडेला पडू नका. उठा, शेजाऱ्याच्या दारात जा, मागा. मला पाय असते तर त्या दिवशी ती बुटकी भिंत मीच ओलांडली असती. तुम्हाला पाय आहेत.