कन्यादानाचा उपवास

टीनाच्या लग्नाच्या दिवशी सकाळी आठलाच अंगणातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या चटके देत होत्या. रात्रभर पान हललं नव्हतं. वधूपिता भैय्यालाल मात्र नव्या धोतरात मांडवभर फिरत होते. कन्यादान होईपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, ही घराण्याची रीत. मुहूर्त दुपारी साडेबाराचा.

टीनाची धाकटी बहीण दुर्गेश्वरी नागपूरला हवामानशास्त्रज्ञ. चार दिवसांपूर्वी तिनंच उष्णतेच्या लाटेचा इशारा लिहिला होता. तक्ते, टक्केवारी, खाली सही. कागद जिल्ह्याच्या कचेरीत पोचला, म्हणजे आपलं काम झालं असं तिला वाटलं. शिकलेल्या माणसांना असं वाटून घेणं फार सोयीचं असतं.

तिनं बापापुढे पेला धरला. "बाबा, घोटभर तरी घ्या. रात्रीही गारवा नाही आला. अशा उन्हात बिनपाण्याचं राहणं जिवावर बेतते."

"शुभकार्यात अपशकून काऊन बोलून राहिली तू?" भैय्यालाल उखडले. "हापिसात सायंटिस्ट असशील. मांडवात पोरगीच आहेस."

आई जमुनाबाईनं डोळे वटारले. पाहुणे बघत होते. चारचौघांत बापाचा शब्द कसा मोडायचा? दुर्गेश्वरीनं पेला खाली ठेवला.

वरात डीजेपुढे नाचत राहिली आणि मुहूर्त तासभर टळला. कन्यादानाला हात पुढे करताना भैय्यालालांची जीभ अडखळली. ते कोसळले तेव्हा अंग कोरडं होतं, तव्यासारखं तापलेलं. दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांच्या तोंडावर चादर ओढली. "एवढी लाट होती. घरात कोणालाच कळलं नाही?"

"मला कळलं होतं," दुर्गेश्वरी म्हणाली.

तिसऱ्या दिवशी गल्लीपलीकडे केशोरावांच्या मुलीचं लग्न. तोच दुपारचा मुहूर्त, त्यांच्या घराण्यातही तीच रीत. सुतकातल्या माणसानं मांडवात पाय ठेवायचा नसतो. दुर्गेश्वरी पाण्याचा तांब्या घेऊन सरळ आत शिरली. बायकांची गाणी थांबली.

"सुतक असताना कायले आली?" केशोराव ओरडले. घसा कोरडा पडला होता, आवाज फाटला.

"अपशकूनच सांगायले आली, काका. आजचा पारा बाबा गेले त्या दिवसापेक्षा चढा आहे. लग्न संध्याकाळी लावा अन् आधी पाणी प्या."

केशोरावांची बायको धुरपताबाई तिला हाकलायला धावली.

"ढकला मले," दुर्गेश्वरी म्हणाली. "बाबांपुढचा पेला मी खाली ठेवला होता. हा तांब्या नाही ठेवत."

बाहेर डीजे जवळ येत होता. दोन्ही हातांनी तांब्या धरून ती केशोरावांपुढे उभीच राहिली.