ताठ मानेचा राजा

मुलांच्या वाचनालयात बाहुल्यांचा खेळ सुरू व्हायची वेळ झाली आणि राजाची मान काही वर होईना.

राजा म्हणजे काकांच्या उजव्या हातावर चढवलेली बाहुली. तर्जनी त्याच्या डोक्यात, अंगठा आणि मधलं बोट त्याच्या बाह्यांत. गोष्ट अशी, की हा राजा कुणापुढे वाकत नाही. अगदी शेवटी एकदाच आपल्या शिपायापुढे वाकतो. मागच्या खेळाला मुलं चक्क झोपली होती. आजही पेंगली तर यापुढे जादूगाराला बोलावू, असं ग्रंथपालबाईंनी बजावलं होतं.

आणि आज पडद्यामागे काकाच झोपले, उजवा हात खुर्चीच्या पाठीवरून मागे टाकून. जागे झाले, तर मनगटाने मान टाकलेली.

खेळाला मदतीला आलेल्या काकू एरवी इस्पितळात लोकांकडून हाताचे व्यायाम करून घ्यायच्या. त्यांनी आधी नवऱ्याच्या झोपेचा उद्धार केला. मग म्हणाल्या, "दगड-कागद-कात्री खेळतात ना, तसं करा. दगड दाखवा."

मूठ वळली, जरा ढिली. कात्रीसाठी पंजा टेबलावर टेकवून बोटं फाकवायला लावली, तेही जमलं.

"आता कागद."

पंजा उघडेना, मनगट उचलेना.

काकूंचा जीव भांड्यात पडला, बाकी हात शाबूत होता, अडलं होतं ते एकच. त्यांनी समजावलं, की हाताला तीन मज्जातंतू. एक मनगटाच्या मधोमध येतो, मूठ वळवायला तो लागतो. दुसरा कोपरामागून करंगळीकडे जातो. कोपर आपटलं की झिणझिण्या येतात ना, तोच. बोटं फाकवतो तो. अनामिका बिचारी दोघांच्या वाटणीत सापडलेली, अर्धी याची, अर्धी त्याची. तिसरा दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून येतो आणि मनगट उचलतो. त्याच्यावर खुर्चीची कड रुतली होती.

"थोडाच वेळ दबलाय. जागा होईल, तुमच्यापेक्षा लवकर. नाहीच झाला तर डॉक्टर आहेत."

राजाचा हातमोजा उजव्या हाताच्याच मापाचा आणि डाव्या हातावर शिपाई, त्यामुळे हात बदलायची सोय नव्हती. पडदा उघडला.

"मी कुणापुढे वाकत नाही," राजा गरजला आणि त्याचं कपाळ कठड्यावर आपटलं. मुलं खिदळली. मग राजा झाडापुढे वाकला, बादलीपुढे वाकला. पहिल्या रांगेतली एक चिमुरडी काळजीने म्हणाली, "शिपाईकाका, धरा ना त्याला." शिपायाने काठीने राजाची हनुवटी उचलली. काठी काढली की धप्प.

इतक्यात काकांच्या हाताला मुंग्या आल्या. मनगट हललं, राजाची मान ताठ झाली. खूश होऊन काका पाठ केलेली वाक्यं खणखणीत म्हणू लागले.

खिदळणं थांबलं. मागून कुणीतरी लांबलचक जांभई दिली. ग्रंथपालबाईंनी घड्याळ पाहिलं.

काकू पडद्याआडून कुजबुजल्या, "अहो, पाडा ती मान."

काकांनी धडधाकट झालेल्या हाताने ती मुद्दाम पाडली, बादलीतच. चिमुरडी हसता हसता खुर्चीवरून घसरली. तिला उचलायला ग्रंथपालबाई निघाल्या, पण त्यांनाच हसू आवरेना. डोळे पुसत त्यांनी काकूंना विचारलं, "पुढचा खेळ कधी ठेवायचा?"