तीन दिवसांचं कारलं

कोथिंबिरीच्या जुडीत गवत निघालं आणि हैदराबादेत मुसी नदीकाठच्या त्या अर्ध्या एकराच्या मळ्यात रणकंदन माजलं. दिलसुखनगरच्या भाजीवाल्या अक्कानं जुडी तशीच परत धाडली होती. सूर्यभाननं ती थोरल्या बहिणीच्या, विमलाबाईच्या पुढ्यात आपटली.

"बाई, ही कोतमीर हाय का हराळी? तुला दिसंना आता. इळा ठिव अन् घरी बस!"

"तूच बस! नांदेडहून आलो तवा तू शेंबूड पुसत व्हतास. ह्या चिखलाचा मळा मी केला, अन् मलाच उठवतूस व्हय रं?"

वांग्याच्या वाफ्याआडून सुमेधा ऐकत होती. सूर्यभानची ही लेक यंदा दहावीत. शाळेत भाषणाचं पहिलं बक्षीस मिळाल्यापासून तिच्या जिभेला पालवीच फुटली होती. आत्याला पंधरा वर्षांची शुगर. विळा सुटला तर आत्या उन्हात टाकलेल्या पालकासारखी मान टाकील, हे तिला पक्कं ठाऊक.

"आत्या, रविवारी अंबरपेठच्या विहारात शिबिर हाय. शुगरवाल्यांच्या डोळ्याचा आतला फोटो काढतेत, अन् कंप्युटर तो बघून सांगतो, बिघाड हाय का न्हाई."

"म्हंजी परीक्षाच की!" आत्यानं पदर खोचला. "मंग तयारी कराय पायजे."

आणि काय ती तयारी! सकाळ-संध्याकाळ कारल्याचा रस. चहा बिनसाखरेचा. उस्मानिया बिस्किटांचा डबा शेजारच्या ज्योतीच्या घरी. रक्त तपासायच्या आधी अख्खी गल्ली असंच करायची. तीन दिवस साधू, चौथ्या दिवशी पाकातल्या पावाचा डबल का मीठा.

रविवारी आत्या कडक इस्त्रीचं पांढरं पातळ नेसून निघाली. मागून सूर्यभान, निकाल ऐकायला. शिबिरातल्या रश्मीताईंनी बोट टोचलं.

"एकशे बारा! वा मावशी!"

आत्यानं भावाकडं असं पाहिलं, जणू गावची निवडणूक जिंकली. मग हनुवटी कॅमेऱ्यासमोरच्या पट्टीवर टेकवली.

"पापणी मारू नका हं."

लख्ख!

"ईज पडली गं बाय!" आत्या खुर्चीतून हातभर उडाली. पहिल्या फोटोत नुसती पापणी आली. दुसऱ्यांदा सुमेधानं डोकं धरलं. अर्ध्या मिनिटात पडद्यावर लाल अक्षरं उमटली: डॉक्टरांना दाखवा.

"लबाड हाय त्ये!" आत्या उसळली. "बोटातली साखर बराबर, अन् डोळ्यातली कशी बिघडली? तीन दिस कारलं पिले की!"

रश्मीताई हसून हसून खुर्चीला टेकल्या. "मावशी, बोट आजचं सांगतं. डोळ्याच्या पडद्यावरच्या नसा पंधरा वर्षांचं सांगतात. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?"

सूर्यभान ताठ झाला. "झालं! कंप्युटरबी तेच म्हनतोय. इळा दे इकडं."

सुमेधाच्या छातीत मळ्यातली मोटर सुरू झाली. आप्पांना उलट बोलायची तिची ही पहिलीच वेळ.

"आप्पा, कंप्युटर 'डॉक्टरला दाखवा' म्हनला. 'घरी बसवा' कुठं म्हनला? वाचून दाखवू?"

रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं टाळी वाजवली, "क्या बोली रे पोट्टी!" आणि रांगच्या रांग खदखदली.

तिसऱ्या दिवशी तिघं गौलीगुड्याच्या दवाखान्यात. डॉक्टरीणबाई ईशा यांनी बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालून दोन्ही डोळे निरखले. डाव्या डोळ्यात नसा पाझरत होत्या, उजव्यात नुकती सुरुवात. "लेझर करू. गेलेली नजर परत येईलच असं नाही, पण आहे ती राखता येईल. वेळेवर आलात."

"अन् इळा?" आत्याचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला.

"चालवा की! निवडताना चष्मा लावा. आणि कारल्याच्या भरवशावर गोळी चुकवू नका."

थेंबांनी आत्याचं जग पातळ ताकासारखं झालं होतं. रस्त्यावरचं ऊन नुसतं फुटत होतं. एका हाताला भाऊ, दुसऱ्या हाताला भाची धरून ती डोलत चालली.

"सूर्या, आज तू लई गोरा दिसायलास रं!"

दाबून धरलेलं हसू सूर्यभानच्या नाकातून फुटलं. थोडं चालून, खाली बघत तो म्हणाला, "बाई, सकाळी मेथी काढायची हाय. ये तू. निवडाय मी बसतो."

"येते. पन पुढच्या शिबिरात त्या खुर्चीवर तू बसायचं. ईज कशी पडती ते बघ एकदा."

"मला कुठं शुगर हाय?"

"तपासली हाय का कधी, आप्पा?" सुमेधानं विचारलं.

सूर्यभाननं तिच्याकडं वळून पाहिलं. सुमेधानं फोन कानाला लावलाच होता, आणि पलीकडून रश्मीताई विचारत होत्या, "पुढच्या शिबिराला नाव काय लिहू?"