नष्ट केल्याची सही

"ही सही तुमचीच का?" औषध निरीक्षक बाईंनी आवाज न चढवता विचारलं.

धम्मपालने वहीत पाहिलं. मुदत संपलेलं खोकल्याचं औषध, चाळीस खोकी, नष्ट केली. खाली त्याचं नाव आणि हुद्दा, फार्मासिस्ट. बाईंच्या पायाशी त्याच चाळिसांतलं एक खोकं उघडं पडलं होतं. बाटल्यांवरची तारीख मात्र पुढच्या वर्षाची होती.

"माझीच," तो म्हणाला.

वळ गावातल्या त्या औषधांच्या गोदामात त्याला अकरा वर्षं झाली होती. मागच्या खोलीत थिनरच्या बोळ्याने जुन्या तारखा पुसून नव्या छापतात, हे आठ महिन्यांपासून त्याला ठाऊक होतं. पहिल्यांदा वास आला तेव्हा त्याने मालकाला, हरेशशेठला, विचारलंही होतं. तारीख उलटली म्हणून औषधाचं काही लगेच विष होत नाही, असं म्हणून शेठ हसले होते. धम्मपालने पुन्हा विचारलं नाही. सह्या करत गेला.

गोदामाला सील लागलं आणि त्याच्या जिवात भीती घर करून बसली. खाली गाडी थांबली की हातातला घास हातातच राहायचा. वकिलांनी सांगितलं, कलम कुठलं लागतं त्यावर सगळं आहे. एखादं वर्ष, नाहीतर सात, आणि बाटलीने कुणी दगावल्याचं निघालं तर जन्मठेपही. धम्मपालच्या कानात तेवढं शेवटचंच घुमत राहिलं. पेपरात लहान मूल गेल्याची बातमी दिसली की तो आधी गावाचं नाव वाचायचा.

चौथ्या दिवशी हरेशशेठ स्वतः घरी आले. चहा घेतला, धम्मपालच्या मुलीच्या, रियाच्या, बारावीची चौकशी केली. मग म्हणाले, मालकाला काही माहीत नव्हतं, मी परस्पर केलं, असा जबाब दे. वर्ष-दीड वर्षाचा प्रश्न, तोवर तुझं घर मी सांभाळतो. आणि नाही म्हणालास तरी सह्या तुझ्याच आहेत.

शेठ गेल्यावर धम्मपालची बायको बकुळा स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. आता ही रडणार, असं त्याला वाटलं.

"त्या बाटल्या गेल्या कुठं?" तिने विचारलं.

"पडघ्याकडं. गावागावातल्या दुकानांत."

बकुळाने शेठची कपबशी उचलली. "मग आधी त्या परत मागवायला सांगा. तुमचं काय ते मागाहून बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो निरीक्षक बाईंच्या ठाणे शहरातल्या कार्यालयाच्या दारापर्यंत गेला आणि मागे फिरला. टपरीवर पाणी पिऊन तो पुन्हा गेला. आठ महिने, मागची खोली, शेठ, स्वतःच्या सह्या, सगळं सांगितलं. मग तेवीस दुकानांची नावं तोंडपाठ सांगितली.

बाई लिहिता लिहिता थांबल्या. "हे तुमच्याही विरुद्ध जाईल."

"जाऊ दे मॅडम. पहिले दुकानांना फोन करा."

दुपारी त्याला अटक झाली. एकवीस दुकानांतून बाटल्या परत आल्या. दोन दुकानांतला माल विकून संपला होता. ते औषध कुणी प्यायलं, हे शेवटपर्यंत कळलं नाही. तीन वर्षं खटला चालला. शेठना जास्त आणि त्याला कमी, पण शिक्षा दोघांनाही झाली. फार्मासिस्ट म्हणून त्याची नोंदणी कायमची रद्द झाली.

सुटून आल्यावर तो एका लूमवर, यंत्रमागाच्या कारखान्यात, कापडाचे तागे तपासायला लागला. एका रविवारी शेजारच्या रंगूबाई दारात आल्या. हातात बाटली होती.

"धम्मपाला, नातीला खोकला हाय. हे औषध चांगलं हाय का बघ जरा."

तो बाटली घेऊन उजेडात गेला. तारीख वाचली. तिच्यावरून अंगठा फिरवला, मग नखाने खरवडून पाहिलं. शाई हलली नाही.

"मावशी, कुठलं औषध द्यायचं ते आता मला सांगता येत नाय. डॉक्टरला विचारा. तारीख खरी आहे."

रंगूबाईंनी बाटलीसाठी हात पुढे केला. धम्मपाल अजून नखाने तारीख खरवडत होता.